छर्र्याचे वजन

शस्त्र अधिनियम १९५९ मधील 'फायरआर्म' या शब्दाची व्याख्या बारकाईने वाचली तर एक गोष्ट चटकन लक्षात येते. स्फोटक पदार्थ किंवा 'अन्य कोणत्याही प्रकारची ऊर्जा' वापरून छर्रा वा गोळी फेकणारे साधन म्हणजे फायरआर्म. दाबलेली हवा ही त्या 'अन्य ऊर्जे'त मोडते. म्हणजे जत्रेत फुगे फोडण्यासाठी ठेवलेली एअरगन कायद्याच्या दृष्टीने बंदुकीच्याच कुळातली. तिला परवाना लागत नाही तो केवळ सवलत दिलेली आहे म्हणून. पूर्वी या सवलतीची कसोटी होती एक इंच जाडीची लाकडी फळी : छर्रा आरपार जाता कामा नये. २०१६ च्या शस्त्र नियमांनी फळी बाजूला ठेवून आकडे आणले. नळीचा व्यास ४.५ मिलीमीटर आणि नळीच्या तोंडाशी छर्र्याची ऊर्जा २० ज्यूल, या दोन्हींच्या आत असलेल्या एअरगनला परवाना नको. दोहोंपैकी एक जरी ओलांडले तरी परवाना हवा.

परदेशातील वाचकांसाठी सांगते की ब्रिटनमध्ये रायफलसाठी ही मर्यादा सुमारे १६ ज्यूल आहे, तर जर्मनीत विनापरवाना विक्रीसाठी ७.५ ज्यूल. अभिनव बिंद्रा यांनी २००८ साली बीजिंगला ज्या प्रकारात सुवर्णपदक मिळवले, त्या दहा मीटरच्या एअर रायफलची ताकदही साधारण ७.५ ज्यूलच्याच आसपास असते. नेमबाजाला अचूकता हवी असते, जोर नव्हे. जोर लागतो तो शिकाऱ्याला. आणि शिकारीला तर वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ ची मनाई आहे.

अरुणाचल प्रदेशात मात्र एअरगन ही घराघरातली वस्तू होती. मार्च २०२१ मध्ये पूर्व कामेंग जिल्ह्यातील लुमडुंग गावी तत्कालीन वनमंत्री मामा नातुंग यांनी एअरगन स्वेच्छेने जमा करण्याची मोहीम सुरू केली. पहिल्याच दिवशी ४६ बंदुका आल्या, पुढे हा आकडा १६०० च्या वर गेला. गावकऱ्यांनी आपण होऊन बंदूक आणून द्यावी, हे प्रशासनात क्वचित घडते.

मी त्या राज्यात एका जिल्ह्याची डेप्युटी कमिशनर असतांना २०२२ साली एक फाईल समोर आली. अधिनियमाच्या कलम ३ खालील खटल्यास कलम ३९ नुसार जिल्हा दंडाधिकाऱ्याची पूर्वमंजुरी लागते, तशी ती मागितलेली. एकवीस वर्षांच्या मुलाने आपल्या एअरगनची ताकद वाढवली होती. तिचा छर्रा पत्र्यावर आपटून उसळला आणि शेजारच्या नऊ वर्षांच्या मुलाच्या डोळ्याखाली, गालाच्या हाडात रुतला. डोळा वाचला.

बंदूक टाकीत हवा भरण्याच्या प्रकारातली होती. या प्रकारात हातपंपाने २०० बारपर्यंत, म्हणजे मोटारीच्या टायरच्या सुमारे नव्वद पट दाबाने हवा भरतात. चाप ओढला की आतील हातोडी व्हॉल्व्हवर आदळते, तो क्षणभर उघडतो, आणि एका बारीक भोकातून हवा छर्र्यामागे जाते. व्हॉल्व्ह किती वेळ उघडा राहतो आणि भोक केवढे आहे, यावर जोर ठरतो. मुलाने या दोन्हींत फेरफार केला होता. त्यालाही अर्थात मर्यादा आहे. छर्रा नळीबाहेर पडल्यानंतर येणारी हवा नुसता आवाज करते आणि टाकी लवकर रिकामी होते.

पोलिसांच्या प्रस्तावात लिहिले होते, 'बंदूक अत्यंत शक्तिशाली आहे'. किती, ते नव्हते. मी फाईल परत केली. मग प्रयोगशाळेचा अहवाल आला : २१.८ ज्यूल. मर्यादेपेक्षा पावणेदोन ज्यूल अधिक. पण कोणत्या छर्र्याने? ते विचारले तेव्हा कळले की ०.६७ ग्रॅमचा, प्रयोगशाळेतला. पंचनाम्यात जप्त डबीतले छर्रे ०.४५ ग्रॅमचे होते. त्यांनी पुन्हा चाचणी करवली. सरासरी वेग सेकंदाला २९० मीटर, ऊर्जा १८.९ ज्यूल. स्प्रिंगच्या बंदुकीत छर्रा जड झाला की ऊर्जा बहुधा घटते, टाकीच्या बंदुकीत वाढते. एकच बंदूक एका डबीने कायदेशीर आणि दुसऱ्या डबीने बेकायदेशीर!

पोलिस अधीक्षकांचे म्हणणे असे की नियम बंदुकीची क्षमता पाहतो, डबी नव्हे. जड छर्रा उद्या दुकानात मिळेल. म्हणणे चूक नव्हते. शेजारच्या मुलाचा बापही कार्यालयात येऊन बसला होता. त्याचा प्रश्न साधा होता : "साब, ज्यूल से मेरे बच्चे का क्या?" गावबुढा लाल कोट घालून शेजारी उभा, काही न बोलता.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना फायरआर्मसाठी किमान दोन वर्षे कैद आहे. एका प्रवर्गाचे शस्त्र दुसऱ्यात बदलल्यास तर किमान सात. एवढी शिक्षा छर्र्याच्या वजनावर ठरणार असेल, तर तो संशय आरोपीच्या बाजूने जायला हवा, असे माझे मत झाले. कलम ३ खालील मंजुरी मी कारणे नोंदवून नाकारली. निष्काळजीपणाने गंभीर दुखापत केल्याचा भारतीय दंड संहितेच्या कलम ३३८ खालील खटला मात्र चालू राहिला. त्याला माझ्या मंजुरीची गरज नव्हती, आणि त्या बापाच्या प्रश्नाचे उत्तर असलेच तर तिथे होते. बंदूक पुरावा म्हणून ठाण्यातच राहिली.

प्रत्येक चाचणी अहवालात छर्र्याचे वजन, फैरींची संख्या आणि टाकीतील दाब लिहावा, असे पत्र मी पाठवले. माझी बदली होईपर्यंत आलेल्या पुढच्या दोन अहवालांत वजनाचा रकाना होता. दाबाचा नव्हता.