बटण सोडले की ऐकू येते

आमच्या घरात माणसे पाच आणि ती पाचही एकाच वेळी बोलतात. अशा घरात वॉकीटॉकी येईल, म्हणजे एका वेळी एकानेच बोलायची वस्तू येईल, असे भाकीत कुणी केले असते तर मी त्याला वेड्यात काढले असते. पण ती आली खरी, आणि ती अण्णांमुळे आली.

अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांना डोंगरांची हौस फार, आणि गुडघा दुखू लागला तरी सांगायचे नाही, ही खोड त्याहून मोठी. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात आम्ही राजमाचीला निघालो. जीप गेली तिथवर जीपने आणि पुढे पायी. मुले पुढे पळाली, त्यांना आवरायला सौ. धावली, तिला हाका मारीत मी. उधेवाडीत पोहोचून मोजदाद केली तो अण्णा नाहीत! मोबाईलला रेंज नव्हती. तो दीड तास कसा गेला हे मी सांगत नाही. ज्यांचे म्हातारे माणूस कधी चुकले असेल त्यांना ते ठाऊक आहे.

शेवटी ते एका वळणावर दगडाला टेकून बसलेले सापडले. मी रागावून म्हटले, "अण्णा, हाक तरी मारायची!"

"मारली की, चारदा," ते शांतपणे म्हणाले. "पण तुम्ही सगळे बोलत होतात. ऐकणार कोण?"

घरी आल्यावर चिरंजीवांनी वॉकीटॉकीचा ठराव मांडला आणि एका संचाचे चित्रही दाखवले. खोक्यावर ठळक अक्षरांत 'दहा किलोमीटर' असे लिहिलेले. मी भुललोच होतो. पण आमचे मेहुणे रेडिओतले जाणकार. ते हसून म्हणाले, "भावोजी, हा आकडा एका डोंगरमाथ्यावरून दुसऱ्या डोंगरमाथ्याशी बोलण्याचा. ही लहर सुमारे ६७ सेंटीमीटरची असते. ती कड्याला वळसा घालून जात नाही. सह्याद्रीचा कातळ मध्ये आला की दहाचा एक होतो, कधी अर्धासुद्धा!"

"मग जास्त ताकदीचा घेऊ," मी म्हटले. त्यावर त्यांनी मला दोन गोष्टी सांगितल्या. एक, शक्ती दुप्पट केल्याने अंतर दुप्पट होत नाही. दुसरी कायद्याची. २०१८ सालच्या नियमांनी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यातील कमी शक्तीच्या संचांना परवान्यातून सूट मिळाली आहे. मात्र त्या नमुन्याला सरकारी मान्यता हवी. याबाहेरचे संच बाजारात सर्रास दिसत, म्हणूनच मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रीसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. तेव्हा घेण्यापूर्वी किलोमीटर नव्हे, मेगाहर्ट्‌झ वाचावेत.

सौ.ला 'खासगी कोड' या शब्दांनी मोह घातला होता. मेहुण्यांनी तोही फुगा फोडला. कोड लावल्याने आपले बोलणे गुप्त राहत नाही. परक्यांचे बोलणे आपल्या कानी पडत नाही, इतकेच. सौ. म्हणाली, "तेवढेही पुष्कळ आहे. घरातसुद्धा बसवता येईल का?"

अखेर आम्ही एकाच नमुन्याचे तीन संच घेतले. अण्णांच्या बोटांना अंधारातही सापडेल असे मोठे बटण, शिंतोड्यांनी बिघडणार नाही अशी बांधणी, आणि खेड्यातल्या दुकानातही मिळतात ते साधे पेन्सिल सेल, एवढ्या तीन गोष्टी पाहिल्या. दिवा, घड्याळ, दहा प्रकारच्या घंट्या यांचे पैसे वाचवले.

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा राजमाची! मी श्रीवर्धनावर, चिरंजीव समोरच्या मनरंजनावर, अण्णा मधल्या खिंडीतल्या भैरवनाथाच्या देवळात. आवाज असे स्वच्छ, की शेजारी बसून बोलतो आहोत. मग चिरंजीव कोंढाण्याच्या लेण्यांकडे जाणाऱ्या वाटेने थोडे खाली उतरले आणि कड्याआड होताच नुसती खरखर! मेहुण्यांचे म्हणणे कातळाने पटवून दिले.

म्हणून आम्ही नियम केला. दर अर्ध्या तासाला थांबायचे आणि ऐकायचे. उत्तर आले नाही तर मागच्या ठरलेल्या जागी परतायचे. एक संच नेहमी सर्वांत मागे चालणाऱ्याकडे. १६६० साली विशाळगडावरच्या तोफांचे बार ऐकू येईपर्यंत बाजीप्रभूंनी खिंड लढवली, असे परंपरा सांगते. तिथे तरी काय होते? आधी ठरलेली खूण आणि तिच्याकडे लागलेले कान. यंत्र नवे असले तरी युक्ती तीच आहे.

या यंत्राची रीत मोठी मजेदार. बटण दाबून क्षणभर थांबावे, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. बोलून झाले की बटण सोडावे, नाहीतर पलीकडचे काही ऐकू येत नाही. एकजण बोलत असताना दुसऱ्याला मध्ये तोंड घालता येत नाही.

परतीच्या वाटेवर अण्णा नेहमीप्रमाणे सर्वांत मागे होते. अर्धा तास झाला. आम्ही थांबलो. संच खरखरला.

"मी आंब्याखाली बसलो आहे. गुडघा दुखतो आहे. ओव्हर."

आम्ही सगळे एकमेकांकडे पाहत राहिलो. इतक्या वर्षांत 'दुखतो आहे' हे शब्द अण्णांच्या तोंडून कुणीच ऐकले नव्हते. यंत्राने त्यांना धीर दिला, की आम्हांला गप्प बसवले, कोण जाणे!

चिरंजीव पाण्याची बाटली घेऊन मागे धावले. मी बटण दाबले, क्षणभर थांबलो आणि म्हटले, "आलोच, अण्णा."

आणि बटण सोडले.