द्रोणागिरीवरचा काटा

उरणला जायला आता मार्ग पुष्कळ झाले. जानेवारी २०२४ पासून आगगाडीही थेट तिथवर जाते. तरी भाऊच्या धक्क्यावरून मोरा बंदराला जाणाऱ्या लाँचची मजा काही औरच! पुढे करंजा गाठावे. वर द्रोणागिरी उभाच असतो. मारुतरायांना संजीवनी ओळखता येईना, म्हणून त्यांनी अख्खा डोंगर उचलला आणि त्याचा एक तुकडा इथे पडला, असे इकडचे लोक सांगतात. म्हणजे न पटलेल्या ओळखीचाच हा डोंगर म्हणायचा!

गेल्या हिवाळ्यात आम्ही सहकुटुंब किल्ल्यावर निघालो. वाटेत आमच्या कन्येला काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा काटा सापडला.

"बाबा, प्राणिसंग्रहालयात असतं तेच का हे साळिंदर?"

प्रश्न साधा, पण उत्तर तितके सोपे नाही. आपले भारतीय साळिंदर, उत्तर आफ्रिका व इटलीतले, आणि दक्षिण आफ्रिकेतले, अशी ही तिघे तुरेवाली भावंडे. तिघांचे काटे पट्ट्यापट्ट्यांचे, तिघेही चिडले की शेपटी खुळखुळवतात आणि उलटे धावत शत्रूवर चाल करतात. (काटे बाणासारखे फेकतात, ही मात्र दंतकथा!) ओळख पटवायची तर तुरा सोडून पाठीमागे पाहावे. उत्तर आफ्रिकेतल्याच्या कमरेवर मधोमध काळे काटे, दक्षिणेतल्याच्या तिथेच पांढरे. आपल्याच्या शेपटीवर आखूड पांढरे काटे असतात, आणि खुळखुळ्याचे पोकळ काटे उत्तर आफ्रिकेतल्यापेक्षा लांब. ईशान्य भारतात चौथे एक आहे. त्याचा तुरा नावापुरताच.

आमच्या पूर्वजांचीही नजर बारीक होती. सीमंतोन्नयनात गर्भवतीचा भांग पाडायला गृह्यसूत्रांनी साळिंदराचा काटा सांगितला, तोही तीन पांढऱ्या खुणांचाच!

एवढा काथ्याकूट कशासाठी, असे वाचक विचारतील. रानात जागाच ओळख सांगते. द्रोणागिरीवर सापडलेला काटा भारतीय साळिंदराचा, त्यात संशय नाही. पिंजऱ्यात ती जागा हरवते आणि उरते फक्त पाटी. पाटी चुकली आणि दोन जातींची जोडी लागली, तर पिल्ले कोणत्या रानाची म्हणायची? आणि उद्या त्यांना सोडायचे ते कुठे?

डोंगराच्या पायथ्याशी आज द्रोणागिरी नावाचेच नवे नगर वाढते आहे. अशा वेळी पिंजऱ्यातली पाटी खरी असणे अधिकच महत्त्वाचे. तेव्हा पुढच्या खेपेस मुलांना प्राणिसंग्रहालयात न्याल, तर साळिंदराच्या पाटीआधी त्याची शेपटी पाहायला सांगा.