लांडग्याचा वाटा

अकोले,
आश्विन वद्य द्वादशी

चि. सायली हिस,


तुझी मेल दोनदा वाचली. उत्तर कागदावर लिहितेय, कारण मोबाइलवर बोटं फिरवायला लागले की माझं वाक्य मध्येच कुठंतरी हरवतं. लिहून झालं की फोटो काढून पाठवीन. अक्षर लागलं नाही तर बाबाला विचारू नकोस, त्याला माझं अक्षर शाळेपासून लागत नाही. मलाच फोन कर.

‘आत्या, हसू नकोस’ असं तू तीनदा लिहिलंयस. नाही हसले. ओंटारिओतलं ते तळ्याकाठचं घर, डोळ्यांवर पट्टी बांधून जमिनीवर आडवी झालेली माणसं, डफासारखं काहीतरी एका लयीत वाजतंय आणि तू मनानं एका बिळातून खाली खाली जातेयस. खाली उजेड, आणि त्या उजेडात तुझ्याकडं बघत उभा असलेला लांडगा. तू रडलीस. उठल्यावर शिबिराच्या बाई म्हणाल्या, हा तुझा टोटेम. आता तू मला विचारतेस की आपल्यात असं काही असतं का, आणि माझा यावर विश्वास आहे का.

दुसऱ्याचं उत्तर मला सरळ देता येणार नाही. पहिल्याचं येईल, पण ते लांबेल. चहा करून घे.

आपल्यात असतं. तुलाही आहे, फक्त कुणी सांगितलं नाही. आपण जावळीकडचे मोरे. मोऱ्यांचं देवक मोराचं पीस. कुणाच्या घरात कळंब, कुणाच्या उंबर, कुणाच्या शंख, कुणाच्या तर तलवारीची धार. एक देवक असलेल्या दोन घरांत सोयरीक करत नाहीत, ती भावंडं धरतात. लग्नाच्या आधी देवक बसवायचं, म्हणजे या नात्यातल्या वडीलधाऱ्याला घरात आणून मानानं बसवायचं, आणि कार्य उरकलं की उठवायचं. मांडवात पाहुणे शेकड्यानं येतात, पण पहिला पाहुणा हा.

माझ्या लग्नात, १९७९ साली, हा पहिला पाहुणाच बेपत्ता होता. आजीनं पीस पत्र्याच्या पेटीत ठेवलेलं, ते उंदरांनी कुरतडून त्याची नुसती काडी उरलेली. हळद कालवून तयार, वाजंत्री दारात, आणि आजी उंबऱ्यावर बसून राहिली: पीस आल्याशिवाय हळद लागायची नाही. भाऊ, म्हणजे तुझा बाबा, तेव्हा चौदा वर्षांचा होता. तो ओढ्याकडं पळाला आणि दीड तासानं घामाघूम होऊन, करवंदीच्या जाळीत पडलेलं एक मळकं पीस घेऊन आला. त्याला विचार. आठवत नाही म्हणेल. गुडघ्यावरचा वण दाखवायला सांग.

पण आपल्या देवकाची खरी ओळख मला लग्नात झाली नाही, शेतात झाली. मोर देखणा असला तरी शेतकऱ्याला तो परवडणारा पक्षी नाही. भुईमुगाचं नुकतं उगवलेलं तास तो सकाळच्या पारी साफ करतो. शेजारचे लोक गोफण फिरवत. आमचे आजोबा बांधावर उभे राहून बोलत, चक्क बोलत: पुरे आता, पाटील, जावा. मोर जात नसत हे सांगायला नकोच. म्हणून आजोबा ओढ्याच्या कडेनं एक तास जास्तीचं पेरत आणि त्याच्याकडं बघतच नसत. त्या तासातून काही उगवून हाती आलं तर तो आमचा फायदा. लोक त्यांना भोळे म्हणत. व्यवहारात ते मुळीच भोळे नव्हते, एका बांधासाठी चुलतभावाशी अकरा वर्षं कोर्टात भांडले. भावकीशी भांडता येतं, मोराशी नाही, एवढा त्यांचा हिशोब स्पष्ट होता.

(लग्नानंतर बाईचं देवक नवऱ्याचं होतं. माझं कळंब झालं. कळंबाला मी कधी कोयता लावला नाही, पण आतून मी अजून मोराचीच आहे. तुझ्या काकांना हे ठाऊक होतं.)

आता तुझा शब्द, टोटेम. तो तुमच्याच भागातला आहे, तू राहतेस त्या मोठ्या सरोवरांच्या मुलखातला. तिथल्या ओजिब्वे लोकांच्या भाषेतून तो आला, आणि त्याच्या मुळाशी अर्थ आहे नातलग, कुळातला. क्रौंच, अस्वल, मासा, पाणपक्षी अशी त्यांची कुळं. बापाचं कूळ तेच मुलाचं, आणि एका कुळात लग्न नाही. वाच आणि आपल्या देवकाशी ताडून बघ. १७०१ मध्ये मॉन्ट्रियलला फ्रेंचांशी मोठा तह झाला, तेव्हा तिथं जमलेल्या अनेक जमातींच्या प्रमुखांनी सहीच्या जागी पक्षी नि जनावरं चितारली. सही स्वतःच्या नावाची केलीच नाही बघ. जो सगळ्यांचा, त्याची केली.

त्या लोकांत दुसरीही एक गोष्ट होती. वयात येणारं मूल रानात एकटं उपाशी राहायचं आणि स्वप्नात त्याला एखादा रक्षणकर्ता भेटायचा. तो ज्याचा त्याचा, खाजगी. त्याबद्दल चारचौघांत फारसं बोलतही नसत. या दोन गोष्टी वेगळ्या. पण जॉन लाँग नावाच्या एका व्यापारी दुभाष्यानं १७९१ साली लंडनात पुस्तक छापलं आणि त्यात या खाजगी रक्षणकर्त्यालाच कुळाचा शब्द चिकटवला. चुकून आपल्याच अस्वलाला मारल्यामुळं हादरलेल्या एका शिकाऱ्याची हकिकत त्यानं दिली आहे. त्याच्या पुस्तकातून तो शब्द युरोपात गेला. पुढं फ्रेझर या अभ्यासकानं त्यावर ग्रंथ लिहिले, फ्रॉइडनं लिहिलं, आणि इंग्रज अधिकाऱ्यांनी आपल्या देवकालाही तेच लेबल लावलं. १९६२ मध्ये लेव्ही-स्ट्रॉस या फ्रेंच पंडितानं लाँगच्या घोटाळ्याकडं बोट दाखवलं, पण तोवर शब्द भटकून जगभर झाला होता. तुझ्या शिबिरातल्या बाई ज्याला टोटेम म्हणाल्या तो लाँगचा आहे. ओजिब्वेंचा नाही.

ढोल नि बीळ बहुधा मायकेल हार्नरकडून आलं असावं. हा अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ ॲमेझॉनच्या रानात राहिलेला. १९८० साली त्यानं एक पुस्तक लिहिलं. वेगवेगळ्या जमातींच्या विधींतली भाषा, गाणी, सोयरसंबंध बाजूला काढून जे सगळीकडं सारखं दिसलं तेवढंच त्यानं घेतलं: ढोल, जमिनीत उतरणारी वाट, तिथं भेटणारा प्राणी. पद्धत काम करते, तुझ्यावर झालंच की. माझी खंत एवढीच, की गाळणीतून जे खाली गेलं त्यात नातलगही गेले.

म्हणजे तुझा लांडगा खोटा का? तसं मी म्हणणार नाही. तो तुझ्याकडं आला असेल तर त्याची तिथली गोष्ट तरी ऐक. ओजिब्वे सांगतात, पहिला माणूस पृथ्वीवर एकटा फिरत होता तेव्हा त्याला सोबत म्हणून लांडगा मिळाला. दोघांनी मिळून सगळी पृथ्वी पालथी घातली, झाडांना नि प्राण्यांना नावं दिली. मग त्यांना सांगण्यात आलं, आता वाटा वेगळ्या करा. पण एकाचं जे होईल तेच दुसऱ्याचं होईल.

नुसती गोष्ट असती तर मी लिहिली नसती. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यानं लांडग्यांची शिकार खुली केली. २०० लांडगे मारायचे ठरले. जुन्या करारांमुळं ओजिब्वे जमातींचा त्यात हक्क, त्यांच्या वाट्याला ८१ आले, बाकीच्यांना ११९. जमातींनी आपला वाटा हक्कानं मागून घेतला आणि एकही लांडगा मारला नाही. तेवढे ८१ तरी वाचावेत म्हणून घेतला. बाकीच्या शिकाऱ्यांनी तीन दिवसांच्या आत २१८ मारले. म्हणजे वाचवायला घेतलेल्या वाट्यातलेसुद्धा गेले. हे वाचलं तेव्हा मला आजोबांचं जास्तीचं तास आठवलं, आणि मी बराच वेळ अंगणात बसून राहिले.

संगमनेरच्या बाजूला मला एकदा मेंढरं बसवलेला धनगर भेटला होता. आदल्या रात्री लांडग्यानं कोकरू नेलेलं. मी हळहळले, तर तो म्हणाला, त्याचा वाटा होता, घेऊन गेला. लगेच पुढं असंही म्हणाला की दुसरं न्यायला आला तर कुत्री सोडीन. मला हे दुसरं वाक्य जास्त खरं वाटतं. नात्यात लाड असतात तशी राखणही असते.

आज वाघबारस, म्हणून हे सगळं डोक्यात घोळतंय. तुमच्याकडं आजच्या दिवसाला वसुबारस म्हणत असतील, गाय-वासराची पूजा. इथं वरच्या अंगाला, राजूरच्या पुढं, महादेव कोळी नि ठाकरांच्या वाड्यांत आज वाघोबा. वाघोबा म्हणजे शेंदूर फासलेला दगड, नाहीतर लाकडाची फळी, तिच्यावर वाघ, चंद्र, सूर्य. कधी ‘बा’ या प्रत्ययाचा विचार केलायस? वाघोबा, नागोबा, म्हसोबा. बा म्हणजे बाप. म्हसोबा तर ज्याला देवीनं मारलं तो महिषासुरच, असं इतिहासकार दामोदर कोसंबींनी दाखवलं. गावानं त्यालाही बा करून वेशीवर बसवला. ज्याची भीती वाटते त्याला आधी नात्यात ओढायचं, ही आपल्या लोकांची जुनी खोड.

मी वरच्या शाळेत शिकवत असताना वाघबारसेला मुलांचा खेळ असे. एक पोर वाघ व्हायचं, एक अस्वल, एक कोल्हा. घोंगडी पांघरून वाघोबासमोर रांगत यायचे. म्हातारा विचारायचा, आमच्या शिवारात येशील का? पोरानं म्हणायचं, नाही येणार, आणि धूम ठोकायची. मागं सगळे हाकारत. एका वर्षी वाघ झालेला मुलगा माझ्याच चौथीतला होता, वर्गात तोंडातून शब्द न काढणारा. म्हाताऱ्यानं विचारलं आणि तो गप्प. पुन्हा विचारलं. पोरानं मान वर केली आणि घशातून असा आवाज काढला की हाकारायला उभे असलेले बापये दोन पावलं मागं सरले. मशालीच्या उजेडात त्याचे डोळे मी पाहिले. सायली, तो माझा विद्यार्थी नव्हता. मग म्हाताऱ्यानं खाली वाकून त्याच्या कानात काही सांगितलं, आणि पोरगं ‘नाही येणार’ म्हणून पळालं.

दुसऱ्या दिवशी शाळेत विचारलं, काय झालं होतं रे? म्हणाला, बाई, काय म्हणायचं ते इसरलो.

असेलही. माझ्या विश्वासाचं म्हणशील तर तो त्या आवाजाच्या आणि या उत्तराच्या मध्ये कुठंतरी अडकलाय, आणि गेली पंचवीस वर्षं तिथंच आहे.

खाली आमच्याकडं, प्रवरेच्या पाण्यावर ऊस वाढला आणि उसात बिबटे राहायला आले. वन्यजीव शास्त्रज्ञ विद्या अत्रेय यांनी याच तालुक्यात कॅमेरे लावून मोजणी केली, तर १०० चौरस किलोमीटरला पाचेक मोठे बिबटे निघाले. तेही चौरस किलोमीटरला ३०० माणसं राहतात अशा मुलखात, आणि त्या अभ्यासाच्या काळात एकही माणूस बिबट्यानं मारला नव्हता. दर वेळी असं सुखरूप पार पडत नाही, हे मला इथं राहून ठाऊक आहे. संध्याकाळी पोरांना उसाकडं एकटं सोडत नाही कुणी. अत्रेय यांनीच २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेल्या एका वयस्क बिबट्याला पट्टा लावला. माळशेजला सोडल्यावर तो गडी साधारण १२० किलोमीटर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोचला, वाटेत कुणाच्या नखालाही धक्का न लावता. दोन वर्षांनी रस्ता ओलांडताना गाडीखाली गेला. त्यांनी त्याचं नाव काय ठेवलं होतं माहीत आहे? आजोबा. शास्त्रज्ञ बाईंनाही शेवटी नातंच सापडलं.

तुझ्या बाईंना सांग म्हणून हे लिहीत नाही. त्यांचं त्यांना लखलाभ. तू मात्र लांडगा ‘माझ्यातला निर्भयपणा’ आहे असं लिहिलंयस, ते मला खटकलं. तो तुझ्यातला कशाला असेल? तो त्याचा आहे, आणि तुमच्या उत्तरेकडच्या रानात खरोखरचा राहतो. त्याचं काय चाललंय याची कधी चौकशी केलीस का? नात्यातल्या माणसाची करतो तशी.

तुझ्या बाबानं ओढ्यातून आणलेलं ते मळकं पीस माझ्याकडं आहे. लग्न उरकल्यावर आजीनं देवक उठवलं आणि पीस माझ्या हातात दिलं, द्यायला नको होतं तरी. पोथीत ठेवलंय, यंदा उंदीर नाहीत. तुला पाठवलं असतं, पण मोरपीस देशाबाहेर न्यायला बंदी आहे, मी पोस्टात विचारून आले. तेव्हा ते इथंच राहणार. उन्हाळ्यात येशील तर ओढ्याकडच्या तासात काय पेरायचं ते तू ठरव. तिथं आता भाऊ सोयाबीन लावतो, आणि मोरांना ते आवडतं की नाही हे मला बघायचंय.

पलीकडच्या वाडीत हाकारे ऐकू यायला लागलेत. दिवा लावून येते.

तुझी,
आत्या