तांबड्या मातीचा वास

मातीत ताक, तेल, हळद, लिंबाचा रस आणि कापूर मुरवायचा, तिला रोज उकरायचं, तुडवायचं, वर पोरांचा घाम पडू द्यायचा. मग पहाटेच्या दमट अंधारात जो वास उठतो, तो अंगाला बिलगतो आणि वर्षानुवर्षं जात नाही. करकंबच्या शिवारातून सकाळी चालताना नुकतंच पाणी दिलेल्या उसाच्या सरीतून गारवा येतो, आणि कसा कोण जाणे, त्या गारव्यातून मला तालमीचाच वास येऊ लागतो. मग तिथले वस्ताद आठवतात.

मोडलेले कान, खांद्यात रुतलेली मान, खर्जातला आवाज. पोरं यायच्या आधी ते मातीच्या हौदात उतरून खोऱ्याने माती उकरत, मूठभर उचलून बोटांत चुरत, नाकाशी नेत आणि स्वतःशीच म्हणत, "आज ताक मागतीय." रात्री कोण दूध न पिताच झोपलंय, हे त्यांना त्याच्या बैठकांवरून कळे. ढाकेचा डाव लावताना खांदा कुठं जावा, मोळीचा डाव बांधताना दम कुठं धरावा, हे ते हाताला धरून शिकवत. बाजारच्या दिवशी त्यांच्या घरी बाजार आमटी शिजे आणि वाड्यावस्त्यांवरून आलेली पोरं भाकरी कुस्करून त्यांच्याच पंगतीला बसत. केवढी माया!

पुढे कुस्तीत मॅटची गादी आली. मातीत पाय रुततो, म्हणून तिथली कुस्ती दमाची. पकड घेऊन तिष्ठावं लागतं, आणि निकाल एकच, पाठ लागणं. गादीवर पाय मोकळा. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या. खाली वाकून झटक्यात समोरच्याच्या पायांचा पट काढायचा आणि दोन गुण घ्यायचे, रेषेबाहेर रेटून एक. वस्तादांना हे पटेना. "गुन मोजून कुठं कुस्ती हुती व्हय? पाठ लागल्याबिगर निकाल न्हाई," ते म्हणत. एखादा पोरगा मोबाइलवर परदेशी कुस्ती पाहून नवा पट विचारायला येई, तर ते पाठ फिरवून पुन्हा माती उकरू लागत. मातीत कुणाला न हलणारी त्यांची पोरं गादीवर गुणांनी हरून येत. हळूहळू कुणी पुण्याला गेलं, कुणी कोल्हापूरला. भांडून कुणी गेलं नाही. पाया पडून गेलं. तेच जास्त लागलं असेल.

लोक त्याला हट्ट म्हणाले. मला त्यात भीती दिसते. उमेदीची सगळी वर्षं ज्या मातीत घातली, तिला आता काही कमी पडतंय असं मान्य करायचं, म्हणजे आपलं उभं आयुष्यच चितपट झालं असं त्यांना वाटलं असावं. खरं तर तसं नव्हतं. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव याच मातीतले. १९४८ साली लंडन ऑलिंपिकला ते गेले तेव्हा गादी त्यांना नवखी होती, सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीहून त्यांनी कांस्यपदक आणलं. दम मातीने दिला होता, गादीची रीत त्यांनी शिकून घेतली. हिंदकेसरी गणपतराव आंदळकर १९६४ साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये लढले आणि पुढे कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत वस्ताद म्हणून पोरं घडवत राहिले. महाराष्ट्र केसरीतही माती आणि गादी असे दोन विभाग असतात, आणि दोन्हीकडचे विजेते मानाच्या गदेसाठी एकमेकांना भिडतात. मातीला कुणी हद्दपार केलेलं नव्हतं. पण हे वस्तादांच्या शेजारी बसून, त्यांचा मान राखून, वेळेवर कुणी सांगितलं का? आपण सगळे त्यांच्या पाया पडलो. त्यांच्याशी बोललो मात्र नाही.

आता गावोगावच्या तालमींत हौदाशेजारी गादी अंथरली जाते, ते चांगलंच आहे. पोरांना पुढे जायचं तर ती हवीच. फक्त ती अंथरताना जुन्या वस्तादांना ओसरीवर बसवून ठेवू नये. बैठकांवरून पोराचं उपाशीपण ओळखणाऱ्या माणसाला नवा पट शिकता येईल. पण नुसता पट येणाऱ्याला ते उपाशीपण ओळखायला एक जन्म लागतो. पोरांना या दोन्ही गोष्टी एकाच तालमीत मिळायला हव्यात, आणि त्यासाठी गादीवर आधी वस्तादांना बोलवायला हवं.