एल, एक आणि मी

रात्रीचे दोन. मासवणचं घर, बाहेर बेडूक फुल व्हॉल्यूमवर, आणि सर्व्हर काही मला आत घेईना. नवा पासवर्ड टर्मिनलवर समोर दिसत होता. तो दुसऱ्या लॅपटॉपवर हाताने टाइप करायचा, बस्स! तीनदा केला, तीनदा चुकला. अकाउंट लॉक! रिलीज सकाळवर गेलं आणि साडेसातला बॉसचा फोन.

ज्याला मी 'एक' समजत होतो, तो स्मॉल 'एल' होता.

तुम्ही म्हणाल, फॉण्टचं एवढं काय? टर्मिनलमध्ये प्रत्येक अक्षराला सारखीच रुंदी लागते, तरच रकाने एकाखाली एक बसतात. पण मग बिचाऱ्या काटकुळ्या 'एल'लाही जागा भरायला डोक्यावर आणि पायाशी रेघ जोडतात. झाला तो 'एक'चा जुळा भाऊ! पुट्टी उघडली की आपसूक मिळणाऱ्या कुरियर न्यूमध्ये मी वर्षानुवर्षं हेच बघत होतो.

दुसऱ्या दिवशी शून्य, ओ, एक, एल, आय शेजारी शेजारी टाइप करून फॉण्टचे इंटरव्ह्यू घेतले. कन्सोलास 2007 साली व्हिस्टाबरोबर आलेला, देखणा. शून्यावर तिरपी रेघ, पण 'एल' जरा संशयास्पदच. देजावू सान्स मोनो फुकट, आणि त्याच्या 'एल'चं शेपूट उजवीकडे वळलेलं. सिलेक्टेड! साइझ 10 वरून 13, क्लिअरटाइप ऑन. डोकं दुखायचं थांबलं (चष्म्याचा नंबर वाढलाय हे आधीच मान्य केलं होतं). पण सेशन सेव्ह करायला विसरलो आणि संध्याकाळी पुन्हा कुरियर हजर!

सगळं जमल्यावर बाबांना दाखवायला बोलावलं. तारापूर एमआयडीसीत त्यांनी गोदरेजच्या मराठी टाइपरायटरवर उभी नोकरी काढली. त्यांच्या कागदपत्रांचा बॅकअप उघडला. फोल्डरचं नाव 'पत्रव्यवहार'. टर्मिनलने एकेक अक्षर वेगळ्या चौकटीत कोंबलेलं, जोडाक्षरं सुटी, मात्रा भलतीकडे.

"हे काय? सगळ्यांचे पाय मोडलेत," बाबा म्हणाले. "आमच्या मशीनवर उकाराची की दाबली की कॅरेज जागचं हलायचं नाही. अक्षराखालीच बसायचा तो."

देजावूत मराठी अक्षरंच नाहीत. पुट्टी ती दुसऱ्याच फॉण्टमधून उसनी आणते, हे मला तेव्हा कळलं. फोल्डरचं नाव इंग्रजीत बदलू का, असं विचारलं.

बाबा चहा ठेवायला निघून गेले. नाव अजून तेच आहे.