नावांची वही

घर म्हटलं की दोन गोष्टी आल्याच. एक सामान, आणि दुसरी त्या सामानाची याद. डबे फडताळात असतात, पण कुठल्या डब्यात तूर नि कुठल्यात मसूर, ते आपल्या डोक्यात असतं. नवी सून घरात येते तेव्हा तिला डबे दिसतात, याद दिसत नाही. म्हणून पहिले पंधरा दिवस बिचारीला साखरेसाठी चार डबे उघडावे लागतात.

हल्ली घराघरांत गाणी, सिनेमे, लग्नामुंजींचं चित्रण असं सगळं एका पेटीत साठवायची सोय झाली आहे. एखादा जुना संगणक घ्यायचा, त्याला मोठी डिस्क जोडायची आणि त्यात प्लेक्स, जेलीफिन असा एखादा प्रोग्रॅम घालायचा. मग टीव्ही लावला की चित्रांसकट यादी समोर येते. बोट दाबायचं आणि बघायचं. याला होम मीडिया सर्व्हर असं भारदस्त नाव आहे. आमच्याकडे मात्र त्याला नुसतं 'पेटी' म्हणतात.

या पेटीतही डबे वेगळे आणि याद वेगळी असते. सिनेमे आणि चित्रफिती या झाल्या डबे. कशात काय आहे, आपण कुठपर्यंत पाहिलं, कशाला काय नाव दिलं, ही सगळी याद 'डेटाबेस' नावाच्या निराळ्या फाइलीत असते. प्लेक्स आणि जेलीफिन हे दोघंही ती याद 'एस्क्यूलाइट' पद्धतीने ठेवतात. रिचर्ड हिप या अमेरिकन गृहस्थांनी २००० साली ही पद्धत तयार केली. तुमच्या-माझ्या हातातल्या मोबाइलमध्येही तीच आहे. म्हणजे नाव परकं वाटलं, तरी वस्तू घरातलीच.

आता ही याद बिघडली तर काय होतं, ते आम्ही गेल्या ज्येष्ठात अनुभवलं.

आमच्या पेटीत सिनेमे थोडे, घरचंच जास्त. मामंजींनी जपून ठेवलेल्या नऊ व्हिडिओ कॅसेट होत्या. त्यातली सर्वांत जुनी वन्संच्या लग्नाची, १९८६ सालची. कॅसेटच्या फितीला दमट हवेत बुरशी धरते आणि कॅसेट लावायचं यंत्रही आता नवं मिळत नाही. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ साली ते बनवणं थांबवलं, आणि तिथेच तो धंदा संपला. म्हणून आम्ही सगळ्या कॅसेट दुकानातून डिस्कवर उतरवून घेतल्या. मग मी त्यांचे लहान लहान तुकडे केले आणि रोज दुपारी सासूबाईंना टीव्हीसमोर बसवून एकेका तुकड्याला नावं द्यायला लागले.

सासूबाईंना एक्याऐंशी पूर्ण झाली आहेत. सकाळी औषध घेतलं की नाही हे त्यांना आठवत नाही, पण पडद्यावर पंगत दिसली की म्हणतात, "अगं, ही जिलबी वाढतेय ना, ती मिरजेच्या मामींची जाऊ. बाळंतपणात गेली पुढच्याच वर्षी." मी लगेच टाइप करते. दिवस चांगला असेल तर पाच-सात नावं लागतात. नसेल तर एकही नाही. ती माणसं ओळखणारं आमच्या घरात दुसरं कोणी उरलेलं नाही, म्हणून ही घाई.

एका वादळी संध्याकाळी वीज पाच वेळा गेली आणि पाच वेळा आली. दुसऱ्या दिवशी पेटी सुरू झाली, पण यादी काही दिसेना. प्रोग्रॅमच्या नोंदवहीत एकच ओळ पुन्हा पुन्हा उमटलेली होती : 'डेटाबेस डिस्क इमेज इज मालफॉर्म्ड'. म्हणजे यादीची फाइल वेडीवाकडी झाली आहे.

दुरुस्तीवाल्या मुलाला बोलावलं. तो म्हणाला, "काकू, काळजी नको. चित्रफिती सगळ्या शाबूत आहेत. जुनी यादी पुसतो आणि नवी करतो. दोन तासांत सगळं परत येईल."

"सगळं?" मी विचारलं.

"हो. नटनट्या, पोस्टरं, सगळं इंटरनेटवरून आपोआप येतं."

तो खोटं बोलत नव्हता. सिनेमांचं तसंच असतं. पण वन्संच्या लग्नात जिलबी वाढणारी बाई कोण, हे कुठलं इंटरनेट सांगणार होतं? मी त्याला चहा दिला आणि म्हटलं, "चार दिवस थांब."

हे म्हणाले, "तूच करून पाहा. नाही जमलं तर तो आहेच."

मग चार संध्याकाळी मी वाचत बसले. त्यात जे कळलं ते इथे सांगते, कारण ते स्वयंपाकघरातल्या हिशेबाइतकंच सरळ आहे.

आपण खर्च आधी कच्च्या वहीत लिहितो आणि मग निवांतपणे पक्क्या वहीत उतरवतो. एस्क्यूलाइटही तसंच करतं. मुख्य फाइलीशेजारी 'वॉल' या शेपटीची आणखी एक फाइल दिसते, ती ही कच्ची वही. त्यामुळे नुसती वीज गेली म्हणून यादी सहसा बिघडत नाही. वीज आली की कच्च्या वहीवरून मेळ घातला जातो. घोटाळा होतो तो दुसरीकडे. काही डिस्क 'लिहिलं हं' म्हणून सांगतात, पण प्रत्यक्षात तो मजकूर अजून त्यांच्या हातातच असतो. नेमकी तेव्हा वीज गेली की पान अर्धं राहतं. चालू डिस्कची वायर उपसली तरी हाच प्रकार. आणि जागा मोकळी करायच्या भरात कोणी ती कच्ची वहीच 'फालतू फाइल' समजून पुसली, तर विचारायलाच नको.

दुरुस्तीचा क्रम असा. पहिल्याने प्रोग्रॅम पूर्ण बंद करायचा, नुसता टीव्ही नव्हे. मग यादीचा अख्खा फोल्डर, कच्च्या वहीसकट, पेनड्राइव्हवर उतरवून घ्यायचा. बिघडलेली प्रत असली तरी ती जपायची. आजाऱ्याला औषध देण्याआधी त्याची नाडी पाहतात तशी मग यादीची तपासणी. एस्क्यूलाइटचं छोटं साधन फुकट मिळतं. त्यात 'प्राग्मा इंटेग्रिटी चेक' ही आज्ञा दिली की फाइल धड असल्यास 'ओके' एवढंच उत्तर येतं. नसेल तर तक्रारींची रांग लागते. प्लेक्स असेल तर त्याच्यासोबत येणारं 'प्लेक्स एस्क्यूलाइट' वापरावं, बाजारातलं साधं नको. त्याची घडण थोडी वेगळी आहे.

आमच्या फाइलीने रांग लावली. पण प्रोग्रॅम दर तीन दिवसांनी यादीची तारीखवार प्रत आपणहून काढून ठेवतो, हे वाचलं होतं. शोधलं तर चार प्रती मिळाल्या. मी हरखले. तपासल्या, तर तीन दिवसांची नासकी, सहा दिवसांची नासकी, नऊ दिवसांचीही नासकीच. म्हणजे वादळाच्या बरंच आधी कुठलंसं पान फाटलं होतं. प्रोग्रॅम त्या पानाशी गेला नव्हता, म्हणून कळलं नव्हतं, आणि प्रतीमागून प्रत मात्र फाटक्या पानाचीच निघत होती. शेवटची, बारा दिवसांपूर्वीची प्रत तपासायला लावली तेव्हा माझे हात गार पडले होते. पडद्यावर 'ओके' उमटलं.

जुन्या फाइली, त्यांच्या कच्च्या वहीसह, बाजूला काढल्या आणि ती प्रत त्यांच्या जागी ठेवली. नव्या यादीशेजारी जुनी कच्ची वही राहू द्यायची नाही, मेळ बसत नाही. प्रोग्रॅम सुरू केला. पंगत आली, मिरजेच्या मामींची जाऊ आली, आठ कॅसेटींची नावं जशीच्या तशी आली.

राहिली नववी. ती आम्ही त्याच बारा दिवसांत लावली होती. त्यात चौदा तुकडे होते. एस्क्यूलाइटमध्ये 'रिकव्हर' नावाची आणखी एक आज्ञा आहे. फाटक्या वहीतून जेवढं वाचता येईल तेवढं ती नव्या वहीत उतरवते. तिने नऊ नावं दिली. पाच गेली ती गेलीच.

दुपारी सासूबाईंना पुन्हा बसवलं. चार तुकड्यांतली माणसं त्यांनी ओळखली, एकाला जरा वेळ लागला. पाचव्या तुकड्यात हिरव्या शालूतली एक बाई वन्संची ओटी भरते आहे. बारा दिवसांपूर्वी तिचं नाव त्यांनी क्षणात सांगितलं होतं. आता बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आपल्यातलीच आहे ग. पण कोण ते..."

मी म्हटलं, "राहू द्या आई, उद्या बघू." उद्याही आलं नाही, परवाही नाही. वन्संना फोनवर चित्र पाठवलं. त्या म्हणाल्या, बेळगावची आत्ये. दुसऱ्या एका नातेवाइकांनी सांगितलं, शेजारच्या मास्तरीणबाई. मी दोन्ही नावं लिहिली आणि पुढे प्रश्नचिन्ह घातलं. ते अजून तसंच आहे.

यानंतर डिस्कच्या साफसफाईला हात घातला, कारण ती काठोकाठ भरली होती. पण या वेळी काय टाकायचं हे नीट ठरवून. आकाराने मोठ्या फाइली वर येतील अशी यादी लावली. एकाच चित्रफितीच्या तीन-तीन प्रती निघाल्या, नावापुढे कंसात एक नि दोन लागलेल्या. अर्धवट उतरवलेले सिनेमे निघाले. चित्रफीत पुढेमागे सरकवताना जी बारीक चित्रं दिसतात, ती प्रोग्रॅम आधीच काढून ठेवतो. त्यांनीही बरीच जागा अडवली होती. ती सोय बंद केली. घरच्या चित्रणाची मात्र सर्वांत मोठी, मूळ प्रत ठेवली. मोबाइलवरून फिरत आलेली प्रत लहान आणि धुरकट असते, ती टाकली.

टाकायचं ते लगेच पुसलं नाही. 'निरोप' नावाचा फोल्डर केला, त्यात महिनाभर ठेवलं आणि जेवताना सगळ्यांना विचारलं. धाकटीने शाळेच्या स्नेहसंमेलनाची एक फाइल परत मागून घेतली. बाकीचं महिन्याने गेलं.

साफसफाईतला एक धोका सगळ्यांनी लक्षात ठेवावा. डिस्कची वायर सुटलेली असताना प्रोग्रॅमने तपासणी केली, तर त्याला वाटतं चित्रफितीच गेल्या. मग तो त्यांच्या नोंदी कचऱ्यात काढतो. 'तपासणीनंतर कचरा आपोआप रिकामा करा' अशी खूण चालू असेल तर फाइली डिस्कवर सुखरूप, पण आपण दिलेली नावं गेली. ती खूण काढून टाकावी. तसंच, प्रोग्रॅममधलं 'डिलीट' बहुधा नुसती यादीतली ओळ पुसत नाही, खरी फाइलही पुसतं. मुलांच्या हाती ते बटण देऊ नये.

पेटी इन्व्हर्टरवर असेल तर त्याला 'यूपीएस' मोड आहे का पाहावं आणि असल्यास तोच लावावा, म्हणजे वीज जाता-येता पेटी बंद-चालू होत नाही. महिन्यातून एकदा यादीची तपासणी करावी. 'ओके' आलेली प्रत पेनड्राइव्हवर घेऊन त्यावर तारीख घालावी. नुसत्या प्रती काढून भागत नाही, धड आहे हे पाहिलेली प्रत हवी. आणि एक प्रत दुसऱ्या गावी असावी. आमची वन्संकडे असते.

सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे नाव प्रोग्रॅमच्या भरवशावर सोडू नये. जेलीफिन आणि कोडी यांत प्रत्येक चित्रफितीशेजारी 'एनएफओ' नावाची मजकुराची फाइल ठेवायची सोय आहे. तीत माहिती राहते आणि मुख्य यादी गेली तरी ती वाचता येते. ती सोय नसेल तर चित्रफितीच्या नावातच माणसांची नावं घालावीत. मी आता दोन्ही करतेच, शिवाय शंभरपानी वही घातली आहे. सासूबाई सांगतात, मी आधी वहीत लिहिते आणि मग टाइप करते. तारीखही घालते.

मैत्रिणींनो, तुमच्या घरी पेटी नसेल, पण मोबाइलमध्ये फोटो असतीलच. त्यातली माणसं ओळखणारं कोणी घरात असेल, तर या रविवारी जेवणं झाल्यावर तास-दीड तास त्यांच्याजवळ बसा आणि शेजारी एक वही ठेवा.