नितळ पाण्यातले पोहणारे

जालना जिल्ह्यात पाण्याचा विषय निघाला की माणसे गंभीर होतात. २०१२-१३ च्या दुष्काळात आमच्या घरी टँकरच्या पाण्यात तुरटी फिरवून ते रात्रभर निवळत ठेवीत आणि सकाळी दुपदरी फडक्याने गाळून घेत. पाणी आरशासारखे नितळ दिसे. तरीही त्या उन्हाळ्यात आमच्या धाकट्या भावास विषमज्वर झाला. डॉक्टरांनी पाणी उकळण्यास बजावले. आईचा प्रश्न रास्त होता: एवढ्या नितळ पाण्यासाठी जळण का खर्च करावे?

या प्रश्नाचे उत्तर आम्हांस गणितात सापडले. विषमज्वराचा जिवाणू मिलिमीटरच्या सुमारे पाचशेव्या हिश्शाएवढा असतो. वाहत्या पाण्याच्या अभ्यासातून ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ साली एक गुणोत्तर मांडले. एका बाजूस गतीचा जोर, दुसऱ्या बाजूस द्रवाचा चिकटपणा. विहिरीत पोहणाऱ्या माणसासाठी ही संख्या हजारांच्या पुढे जाते; जिवाणूसाठी ती एकाच्या दहा हजाराव्या हिश्शाहूनही लहान. आपण विहिरीच्या काठास पायाने रेटा दिला की काही हात सहज पुढे सरकतो. जिवाणूने शेपटी थांबवली, तर अणूच्या व्यासाएवढे अंतरही न कापता तो जागीच थबकतो. त्याला पाणी काकवीहून घट्ट!

अशा जगात नुसते वल्हे मागे-पुढे मारून भागत नाही. नोबेल पारितोषिकविजेते पदार्थवैज्ञानिक एडवर्ड पर्सेल यांनी १९७६ च्या एका व्याख्यानात शिंपल्याचे उदाहरण दिले. शिंपला हळू उघडो वा झटकन मिटो, जेवढा पुढे तेवढाच मागे येईल. त्याआधी, १९५१ साली, जी. आय. टेलर यांनी शरीरावरून लाट धावती ठेवल्यास पुढे सरकता येते, हे समीकरणांनी सिद्ध केले होते. जिवाणूची युक्ती याच जातीची: मळसूत्रासारखी शेपटी तो सेकंदास शंभराच्या आसपास फेरे फिरवतो.

असा पोहणारा जीव केवळ वाट पाहिल्याने गाळाबरोबर तळाशी बसत नाही. तुरटीने पुष्कळसे जिवाणू खाली बसतात, पण सगळे नव्हेत. आणि फडक्याची छिद्रे त्याच्यासाठी वेशीचे दरवाजेच. खळखळून आलेल्या उकळीपुढे मात्र त्याचा निभाव लागत नाही.

हे सारे आम्ही आईस सांगितले. समीकरणे तिने बाजूस सारली, पण वेशीच्या दरवाजाचा दाखला तिला पटला. त्या दिवसापासून आमच्या चुलीवर पाण्याच्या पातेल्याचा मान पहिला. चहाचे आधण त्यानंतर.